बाहेरचं नव्हे, आतलंच!

"ताई, तिले बाहेरनं लागेल शे. तुम्ही तिना नादी लागू नका," बचत गटाच्या बैठकीत एका आजींनी मला कानात सांगितलं. शहादा तालुक्यातल्या एका गावातली ही गोष्ट. ज्या बाईबद्दल त्या बोलत होत्या, ती समोरच भिंतीला टेकून बसली होती. वय अडतीस. हाताची बोटं सारखी पेटीवर सूर शोधावा तशी हलत होती. मान मध्येच झटका देई, भुवया वर जात, पाय जागेवर राहत नव्हता. चहाचा कप तिच्या हातात कोणी देत नव्हतं, कारण तो सांडायचाच.

मैत्रिणींनो, आधी माझी चूक सांगते आणि मग पुढे बोलते. ही बाई आमच्या गटाची सचिव होती. दहावी शिकलेली, हिशेबाला चोख. पण दोन-तीन वर्षांत तिचं अक्षर बिघडलं, वहीत खाडाखोड वाढली, बेरजा चुकायला लागल्या. कोणी विचारलं की अंगावर धावून यायची. एकदा बँकेतून येताना पैशांची पिशवीच विसरली. चालताना तोल जायचा. बायका कुजबुजू लागल्या, "ही घेते की काय?" मी स्वतःला समाजकार्यकर्ती म्हणवते. पण त्या दिवशी मीही तिच्या तोंडाजवळ जाऊन वास घ्यायचा प्रयत्न केला. आणि तिला नीट काही न विचारता तिच्याकडून पासबुक काढून घेतलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी मला अजून दिसतं.

पुढे उपाय सुरू झाले. भगत झाला, उतारे झाले, प्रकाशाला नेऊन तापीत स्नान घालून झालं. शेवटी तिचा भाऊ तिला रेल्वेने सुरतेला मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी हातपाय तपासले, जीभ बाहेर काढून धरायला सांगितली. ती जीभ दोन क्षणही बाहेर राहीना. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घरात आणखी कोणाला असं होतं का?" भाऊ आधी नाही म्हणाला. बरोबर आलेली आई मात्र रडायला लागली. म्हणाली, "इना बाप बी आसाच व्हता. लोक म्हणेत, दारूबाज शे. पण त्यानी कधी दारूले हात लावा नाही." रक्ताची जनुक तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळालं. हंटिंग्टनचा आजार.

तो बाप वीस वर्षं दारुड्या म्हणून जगला आणि दारुड्या म्हणूनच मेला. त्याच्या मुलीला 'बाहेरचं लागलेली' ठरवलं गेलं. दोघांच्याही बाबतीत गावाने निकाल दिला, पण घरात आणखी कोणाला असं होतं का, हे कोणी विचारलं नाही. म्हणून आज हा विषय लिहायला घेतला.

आता हा आजार म्हणजे नक्की काय, ते मला जसं समजलं तसं सांगते. आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी आहेत आणि त्या एकमेकींशी रसायनांच्या मार्फत बोलतात. हालचालीच्या बाबतीत दोन रसायनं मोठी महत्त्वाची. एक डोपामाइन आणि दुसरं गाबा. बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. बैलाला पुढे चालायला लावणारी हाळी म्हणजे डोपामाइन आणि त्याला आवरून धरणारा कासरा म्हणजे गाबा. दोन्ही बरोबर असतील तर गाडी रस्त्याने नीट जाते. आपण पोळी लाटतो, सुईत दोरा ओवतो, डोक्यावर हंडा घेऊन चालतो, ते सगळं या दोघांच्या मेळामुळे.

हंटिंग्टनच्या आजारात मेंदूच्या खोलवरच्या एका भागातल्या पेशी हळूहळू मरतात, आणि नेमक्या याच पेशी गाबा तयार करणाऱ्या असतात. १९७३ मध्ये कॅनडातल्या डॉ. थॉमस पेरी यांनी या आजाराने मृत्यू पावलेल्यांचे मेंदू तपासून दाखवलं, की त्या भागात गाबा खूपच कमी झालेलं असतं. म्हणजे कासरा सुटला. डोपामाइनची हाळी चालूच, पण आवरायला कोणी नाही. म्हणून हात-पाय, मान, चेहरा मनाविरुद्ध हलत राहतात. पुढे आणखी पेशी गेल्या की उलट अंग ताठ होत जातं. हाच भाग मेंदूच्या पुढच्या, विचार आणि स्वभाव सांभाळणाऱ्या भागांशीही जोडलेला आहे. त्यामुळे हालचाल बिघडण्याच्या आधीपासूनच चिडचिड, उदासी, कामात लक्ष न लागणं, हिशेब चुकणं सुरू होऊ शकतं. आमच्या सचिवबाईंचं नेमकं हेच झालं होतं. तिचा स्वभाव बदलला नव्हता, मेंदूतलं रसायन बदललं होतं.

याच्या उलट आजार आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे कंपवात. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. तिथे डोपामाइनच कमी पडतं. बैल जागचा हलत नाही. माणूस हळू होतो, हात थरथरतो, चेहरा कोरा दिसतो. बहुतेकांना तो वयामुळे होतो, थोड्या घरांत मात्र वारशानेही येतो.

ही सगळी माहिती परदेशातून आली असं वाटेल, पण तिचा एक धागा थेट आपल्या मातीत आहे. सर्पगंधा ही आपल्या वैदूंना पिढ्यान् पिढ्या माहीत असलेली वनस्पती. १९३१ मध्ये कोलकात्याच्या डॉ. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबावर आणि वेडावर उपयोगी पडते असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा तिचा अनुभव इंग्लंडच्या नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रेझरपिन वेगळं काढलं गेलं. पुढे १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेझरपिन दिलेले ससे दगडासारखे निश्चल बसतात आणि डोपामाइन बनवणारं द्रव्य टोचलं की थोड्याच वेळात पुन्हा हालचाल करू लागतात, हे दाखवलं. त्यातून कंपवाताच्या औषधाची वाट मोकळी झाली. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. हंटिंग्टनच्या हालचाली कमी करणारं टेट्राबेनाझिन हे औषधही रेझरपिनसारखंच डोपामाइनचा साठा कमी करून काम करतं.

दुसरी वनस्पती खाजकुइरी. अंगाला लागली की आग आग होते, म्हणून लहानपणी आपण तिला टरकून असायचो. तिच्या बियांत कंपवातावर देतात तेच लेव्होडोपा असतं. मद्रासमधल्या संशोधकांनी १९३७ मध्येच ते तिच्यातून वेगळं काढलं होतं.

हे वाचून कोणी लगेच झाडपाला वाटायला घेऊ नका! मुद्दा नेमका उलटा आहे. खाजकुइरी डोपामाइन वाढवते. कंपवाताच्या माणसाला ते हवं असतं, पण हंटिंग्टनच्या माणसाला दिलं तर त्याच्या हालचाली आणखी वाढू शकतात. सर्पगंधा डोपामाइन कमी करते, म्हणजे कंपवाताच्या म्हातारीला दिली तर ती जागीच खिळेल. शिवाय तिने रक्तदाब उतरतो आणि मन खचू शकतं. दोन्ही बाजूंचे आजार लांबून पाहणाऱ्याला सारखेच वाटतात, 'हात हलतो' एवढंच दिसतं. म्हणून आधी निदान आणि मग औषध. बाजारात मेंदूचं टॉनिक म्हणून ज्या बाटल्या विकल्या जातात, त्यांनी मेलेल्या पेशी परत येत नाहीत. हंटिंग्टन बरा करणारं औषध अजून नाही. हालचाली, उदासी, चिडचिड यांवर मात्र औषधं आहेत आणि त्यांनी रोजचं जगणं पुष्कळ सुसह्य होतं.

आता वारशाबद्दल. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या बायकांना हे समजावणं मला सोपं जातं, कारण सिकलसेलने आपल्याला हा धडा आधीच दिलाय. गावोगाव तपासण्या झाल्या, २०२३ च्या जुलैपासून तर देशभराची मोहीम सुरू झाली. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच मूल सिकलसेलचं रुग्ण होण्याची शक्यता, तीही प्रत्येक वेळी चारात एक, हे आता आशाताईंपासून शाळकरी मुलींपर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

हंटिंग्टनचा हिशेब वेगळा. तिथे एकाच पालकाकडून दोष आला तरी पुरे. प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, दोनात एक शक्यता. नाणं उडवल्यासारखं. ज्याला दोष आला नाही त्याच्यापाशी तो थांबला, त्याच्या मुलांना भीती नाही. हा दोष चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो. तिथे एक छोटा शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. निरोगी माणसात तो सव्वीसपर्यंत वेळा येतो. चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा आला तर आयुष्यात कधी ना कधी आजार होतोच. पोथी उतरवून घेताना एखाद्याने एकच ओळ वेड्यासारखी लिहीत सुटावं तसं! आणि हा आजार बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसायला लागतो. तोवर लग्न झालेलं असतं, मुलं झालेली असतात. खरी मेख तीच आहे.

अशी घरं आपल्या महाराष्ट्रात नाहीत असं समजू नका. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७१ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह अशाच एका आनुवंशिक आजाराची नोंद जगासमोर मांडली. चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं आणि डोळ्यांची हालचाल फार मंद होणं, अशी लक्षणं त्यांनी एक नाही, दोन नाही, तब्बल नऊ कुटुंबांत शोधली. पुढे कळलं की तिथेही एका जनुकात तोच शब्द जास्त वेळा लिहिला गेलेला असतो. डॉ. वाडियांना २०१२ मध्ये पद्मभूषण मिळालं, २०१६ मध्ये ते गेले. मला त्यांचं मोठेपण यात वाटतं, की त्यांनी एका रुग्णावर न थांबता त्याचं सगळं घर पाहिलं. आपण बायका तर हे काम जन्मभर करत असतो. कोणाची मावशी कशाने गेली, कोणाचा काका कसा चालायचा, सगळं आपल्याला ठाऊक असतं. ही माहिती ओट्यावरच्या गप्पांत राहते, डॉक्टरपर्यंत पोचत नाही, एवढंच.

या आजाराचं वर्णन १८७२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज हंटिंग्टन या अवघ्या बावीस वर्षांच्या डॉक्टरने केलं. त्याचे वडील आणि आजोबाही डॉक्टर. लहानपणी वडिलांबरोबर घोडागाडीतून जाताना त्याने रस्त्यावर दोन बायका पाहिल्या. दोघी उंच, हाडकुळ्या, अंग वळवत, तोंड वेडंवाकडं करत चाललेल्या. त्या मायलेकी होत्या. ते दृश्य तो विसरला नाही. दीडशे वर्षांनी आपल्या गावात अशा मायलेकी दिसल्या तर आपण काय म्हणू? सातपुड्याच्या भागात अशा बाईला 'डाकीण' ठरवायला फार वेळ लागत नाही, हे मी वेगळं सांगायला नको. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कोणी करणी करतो किंवा करते असा ठपका ठेवून जगणं मुश्कील करणं हा गुन्हा ठरवलाय. पण ज्यांच्या अंगणात हे घडतं त्यांच्यापर्यंत कायदा पोचायला आपल्यासारख्यांचे पाय लागतात.

आणि शिकलेल्या देशात तरी काय वेगळं घडलं? १९६८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये लिओनोर वेक्सलर नावाची बाई रस्ता ओलांडत होती. पोलिसाने तिला अडवून विचारलं, सकाळी सकाळी दारू प्यायलीस, लाज नाही वाटत? ती प्यायलेली नव्हती. तिलाही हाच आजार होता. तिची मुलगी नॅन्सी वेक्सलर पुढे व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गावांत वर्षानुवर्षं जात राहिली. तिथे या आजाराची घरंच्या घरं होती. त्या लोकांची वंशावळ तिने मांडली, रक्ताचे नमुने गोळा केले. त्या कामातूनच १९८३ मध्ये दोषाचा ठिकाणा आणि १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक सापडलं. तपासणी शक्य झाली. पण खुद्द नॅन्सीने ती करून घेतली नाही. २०२० मध्ये तिने जाहीर सांगितलं की आपल्यालाही तो आजार आहे.

मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण आमच्या गावात खरा वाद इथेच पेटला. आमच्या या मैत्रिणीला सतरा वर्षांची मुलगी आहे. बारावीत. आईचं निदान झाल्यावर सासरच्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे 'आम्हाला फसवून पोरगी दिली' म्हणत सुनेला माहेरी पाठवून दिलं. दुसरी, 'हिचं कळायच्या आत हिच्या पोरीचं उरकून टाकू' म्हणून स्थळं बघायला सुरुवात केली. मी पहिल्या गोष्टीवर भांडले. पण दुसरीवर बचत गटातल्याच बायका मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही शिकलेल्या. पण हे सांगितलं तर पोरीशी लग्न करील कोण? आणि तिच्या भावाशी तरी?"

या प्रश्नाला माझ्याजवळ सोपं उत्तर नाही. त्या बायका दुष्ट नाहीत. लग्न झालं नाही तर मुलीचे काय हाल होतात, ते त्यांनी पाहिलंय. पण मी त्यांना विचारलं, आपण आज फसवून दिलं, आणि उद्या पंधरा-वीस वर्षांनी तिलाही सासरच्यांनी 'फसवून दिली' म्हणत परत पाठवलं, तर तेव्हा तिला घ्यायला माहेरी कोण उरलेलं असेल? आई तर नसेल. लपवून दिलेलं लग्न मुलीला आधार देत नाही, तिच्या उशाशी भीती ठेवतं.

माझं मत असं. पहिली गोष्ट, अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, तेव्हा तो विषय तिथेच संपला. दुसरी, लक्षणं नसलेल्या अल्पवयीन मुलांची ही तपासणी करू नये, असा जगभरच्या डॉक्टरांचा संकेत आहे. सज्ञान झाल्यावर तपासणी करायची की नाही, हे फक्त त्या मुलीने ठरवायचं. बापाने नाही, भावाने नाही, होणाऱ्या सासूने तर नाहीच नाही. कारण सिकलसेलचा वाहक आयुष्यभर धडधाकट जगतो, इथे मात्र रिपोर्ट म्हणजे पुढच्या आयुष्याचं भाकीत आहे. ते ऐकायची तयारी असावी लागते, आधी आणि नंतर समुपदेशन लागतं. तिसरी, रिपोर्ट सांगायची सक्ती नको, पण 'माझ्या आईला असा आजार आहे' एवढं सत्य लग्नाआधी सांगितलं जावं. ऐकून जो मागे फिरेल, तो आज फिरलेला बरा. आणि ज्या जोडप्याला मूल हवं आहे पण आजार पुढे जायला नको, त्यांच्यासाठी गर्भधारणेच्या आधीचे आणि नंतरचे वैद्यकीय मार्ग आज आहेत. त्यासाठी मोठ्या शहरातल्या आनुवंशिक सल्ला केंद्राकडे वेळेत जावं लागतं.

आणखी एक बोचणारी गोष्ट. मी मनाशी पडताळून पाहिलं. बापाला हा आजार होता तेव्हा आईने त्याला वीस वर्षं भरवलं, न्हाऊ-माखू घातलं, लोकांचं बोलणं सोसलं. 'बायकोने सेवा केली' असं म्हणून सगळे मोकळे झाले. मुलीला तोच आजार झाला तर नवऱ्याने तिला गाडीत बसवून माहेरी सोडलं. दोघांच्या मेंदूतलं बिघडलेलं रसायन एकच, मग न्याय दोन का? हा दोष आईकडून येतो तसाच बापाकडून येतो. लहान वयात होणारा याचा प्रकार तर जास्त करून बापाकडून आलेला असतो. तरी 'तुझ्याच घराण्यात खोट' हे बोल सुनेच्याच पदरात.

आता थोडं सावध करण्यापुरतं. सगळेच आनुवंशिक मेंदूविकार असे हात टेकायला लावणारे नसतात. दोन आजार तर असे आहेत की वेळेत कळले तर माणूस वाचतो, धडधाकट जगतो. पहिला विल्सनचा आजार. यात शरीरातलं जादा तांबं बाहेर टाकलं जात नाही आणि ते यकृतात, मग मेंदूत साठतं. शाळकरी किंवा तरुण वयात अचानक हात थरथरणं, अक्षर बिघडणं, बोबडं बोलणं, लाळ गळणं, अभ्यासात मागे पडणं, वारंवार कावीळ ही लक्षणं. डोळ्याच्या बुबुळाभोवती हिरवट तपकिरी कडं दिसू शकतं. सिकलसेलसारखाच हाही आई-वडील दोघांकडून दोष आला तरच होतो, म्हणून आत्ये-मामे भावंडांच्या लग्नांत शक्यता वाढते. रक्त, लघवी आणि डोळ्यांच्या तपासणीवरून तो बहुतेकदा ओळखता येतो. १९५६ पासून यावर औषध आहे, मात्र ते जन्मभर घ्यावं लागतं. अशा घरात बाकीच्या भावंडांना लक्षणं नसली तरी तपासून घ्यायलाच हवं. आणि हल्ली तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायची जी लाट आलीय, ती या रुग्णांसाठी विष आहे.

दुसरा आजार मुलींमध्ये जास्त आढळतो. जपानच्या डॉ. सेगावा यांनी १९७० च्या दशकात त्याचं वर्णन केलं. मूल सकाळी बरं चालतं आणि संध्याकाळ होता होता पाय वाकडा पडायला लागतो. झोपून उठलं की पुन्हा बरं. लोक म्हणतात, नाटक करते, शाळा चुकवते. खरं म्हणजे तिच्या मेंदूत डोपामाइन पुरेसं बनत नसतं. लेव्होडोपाच्या अगदी थोड्या मात्रेने अशी मुलगी धावायला लागते! जन्माचं अपंगत्व समजून अशी लेकरं वर्षानुवर्षं बसून राहतात. 'सकाळी बरं, संध्याकाळी वाईट' एवढं एक वाक्य आईने डॉक्टरला सांगितलं तर किती फरक पडेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्या जिल्ह्यात २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे ठरलेल्या दिवशी मेंदूविकारतज्ज्ञ बसावेत आणि तो दिवस धडगाव, अक्कलकुव्यापर्यंत प्रत्येक उपकेंद्राच्या फळ्यावर लिहिलेला असावा. आशाताईंच्या वहीत 'घरात आणखी कोणाला असं आहे का' हा एक रकाना वाढवावा. सिकलसेलसाठी जी फळी उभी राहिली, तिलाच हे काम जोडता येईल. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दीर्घकाळच्या मेंदूविकारांचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, नशिबाला दोष देत बसू नका. आणि कोणाला साखळीने बांधून ठेवलं असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तशी साखळी घालायला मनाई आहे, हे ठणकावून सांगा. रुग्णाची किंवा सेवा करणाऱ्या बाईची उमेद खचली, जीव नकोसा झाला, तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोला. या आजारात आत्महत्येचे विचार येणं हे लक्षण असू शकतं, त्याला नाटक म्हणू नका.

घरात काय करता येतं, तेही आमच्या या मैत्रिणीच्या आईकडून शिकले. सतत हालचालीमुळे अंगातली शक्ती फार खर्च होते, म्हणून थोडं थोडं पण पाच-सहा वेळा खायला द्यायचं, तूप-दूध-केळी सढळ हाताने. घास अडकण्याची भीती असते, म्हणून भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, सरळ बसवून, घाई न करता. जेवताना गप्पा नाहीत. पाणी झाकणाच्या जाड पेल्यात. चुलीपासून आणि गॅसपासून लांब. उठणं, अंघोळ, जेवण यांच्या वेळा ठरलेल्या, म्हणजे चिडचिड कमी होते. प्रश्न विचारला की उत्तराला वेळ द्यायचा. तिला सगळं कळत असतं, फक्त बोलायला उशीर लागतो.

आता ती माहेरीच असते. मागच्या महिन्यात मी तिच्या गावी गेले आणि तिची माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग अडखळत म्हणाली, "ताई, मला वाटायचं मीच वाईट झाले." दोन वर्षं तिने स्वतःला हेच सांगितलं होतं. आजाराने जे केलं ते केलंच, पण हे आपण सगळ्यांनी मिळून केलं होतं.

तिच्या मुलीचं लग्न सध्या थांबलंय. तिच्या वडिलांना अजून पटलेलं नाही, रोज वाद आहेतच. पण ती बारावीनंतर नर्सिंगला जायचं म्हणते. तपासणीचं विचारलं तर म्हणाली, "ते माझं मी बघेन, आधी आईला बघते." मी पुढे काही बोलले नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात असं कोणी असेल. हात हलतोय, तोल जातोय, स्वभाव पालटलाय. तोंडाचा वास घ्यायला किंवा लिंबू-मिरची उतरवायला जाण्याआधी तिच्याजवळ बसा आणि तो एकच प्रश्न विचारा, "घरात आणखी कोणाला असं होतं का गं?" आणि उत्तर मिळालं की ते तिला घेऊन डॉक्टरपर्यंत पोचवा.